खालच्या वावरातला चौकोन

वरचा तांडा, शिरड शहापूर
९ फेब्रुवारी २०२५

चि. निलम,

हिरासिंगकाकाचा आशीर्वाद घे. तुझा फोन परवा दोनदा आला अन् दोन्ही बारीला म्या कापला. राग मानू नको. फोनवर बोललेलं कोण कोण ऐकतं ते आपल्याला कळत न्हाई. आपलं बोलणं कागदावर होऊ दे. कागद हातात राहतो, उद्या कोणी पलटलं तर त्याच्यापुढं धरता येतो. मी सातवी पास हाय. तुझा बाप इसरला असंल, तू इसरू नको.

आता इचारतो त्याचं बराबर उत्तर दे. मंगळवारी दोन पोरं जीपमधून आली. माझ्या खालच्या वावराच्या बांधावर उभी राहिली अन् ते घुं घुं करणारं यंत्र हवेत सोडलं. अर्धा घंटा हरभऱ्यावर घिरट्या. तुझी काकी मोतीबाई बांधाला गवत कापत होती, ती इळा टाकून घरला आली. म्या त्या पोरांना इचारलं, कोणाच्या हुकमानं? तर म्हणे, जागा निलम मॅडमनी दिली. नागपूरच्या निलम मॅडम.

म्हंजी माझीच पुतणी. जिला खांद्यावर बसवून औंढ्याची जत्रा दाखवली ती.

तुझ्या बापाची अन् माझी वाटणी तांड्याच्या नायकासमोर झाली. वरचं वावर फुलसिंगला, खालचं मला. कागद केला न्हाई. आपल्यात नायकानं बोललं की झालं. त्यानं वरचं इकलं अन् नागपूर गाठलं. पर खालच्या वावराच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव अजून माझ्या नावाला खेटून बसलेलं हाय. अन् आता त्याची लेक वरून त्याच वावराचे फोटो काढून राहिली. मी काय समजावं?

पोस्टमन तांड्यात येत न्हाई. पत्र गावात ग्यानबाच्या किराणा दुकानावर टाकतो, तिथून मी आणतो. काय ते साफ लिही.

तुझा काका,
हिरासिंग आडे

*

नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५

ती. काका,

नमस्कार. काकूंनाही सांगा. त्या पोरांनी तुम्हाला विचारल्याशिवाय ड्रोन उडवायला नको होता. मी त्यांना चांगलं झापलं आहे. हे सगळं तुम्हाला सांगावं म्हणूनच तर फोन करत होते.

काका, सातबाऱ्याशी याचा काडीचाही संबंध नाही. बाबांना तर हे माहीतसुद्धा नाही. आमचं केंद्र उपग्रहातून काढलेले फोटो तपासून मातीखाली गाडली गेलेली जुनी बांधकामं शोधतं. यात जादू नाही. खाली दगडी भिंत असली की तिच्यावर माती कमी, ओल कमी, म्हणून पीक तिथं आधी पिवळं पडतं. खाली बुजलेला खड्डा असला की ओल टिकते आणि पीक शेवटपर्यंत हिरवं राहतं. वावरात उभं राहिलं तर हे कळत नाही. वरून बघितलं की कळतं.

तुमच्या खालच्या वावरात, चिंचेकडच्या कोपऱ्यात, साठेक फुटांचा चौकोन दिसतो. कडा पिवळ्या आणि पोटात हिरवागार. एवढा नीट चौकोन आपोआप होत नाही. मला वाटतं ती बारव आहे, पायऱ्यांची जुनी विहीर. सातशे-आठशे वर्षांची असू शकेल. फोटोत तुमचं वावर ओळखलं तेव्हा मी खुर्चीतून उठूनच उभी राहिले.

मार्चमध्ये आमचं पथक येऊन एक लहानसा चर खणून बघणार आहे, तुमची परवानगी असेल तरच. वावर तुमचंच राहतं, असं आमच्या मॅडम म्हणाल्या. तुम्ही किंवा तांड्यातल्या जुन्या माणसांनी तिथं कधी काही पाहिलं, ऐकलं आहे का?

तुमची,
निलम

*

वरचा तांडा
२६ फेब्रुवारी २०२५

चि. निलम,

पत्र पोचलं. पाकिटाला डिंक दोन बारीला लावलेला दिसला. ग्यानबाच्या दुकानात ते तीन दिवस पडून होतं. मी काय ते समजलो.

काल ग्यानबा मला म्हणतो, हिरासिंग, आकाशातून सोनंबी दिसतं म्हणे. सगळ्या शिरडमध्ये गुप्तधनाची बोली चाललीय. माझ्या बांधावर आजवर कुत्रं फिरकलं न्हाई, अन् आता रोज कोणी ना कोणी बिडी ओढायला येऊन बसतं. ही तुझी मेहेरबानी.

तुझ्या चौकोनाचं सांगतो. तिथं बारव-बिरव काही न्हाई. तिथं मी धनगराच्या मेंढ्या बसवतो. धनगर जाळी लावून चौकोनी वाडा करतो अन् त्याच्यात मेंढ्या आठ-आठ दिवस बसतात. लेंड्याचं खत पडतं, म्हणून तिथला हरभरा हिरवा. एवढंच. सातशे वर्षांचं काय घेऊन बसली, सात महिन्यांचीबी गोष्ट न्हाई ती. तुझ्या मॅडमला तसं सांग अन् पथक-बिथक धाडू नको.

दुसरं. मला सरकारी विहीर मंजूर झालीय. आठ वर्षं अर्ज करून करून चपला झिजल्या, तवा झाली. पाणाड्यानं हातावर नारळ घेऊन सगळं वावर तुडवलं. जागा निघाली ती वरच्या अंगाला. चिंचेकडं न्हाई, हे ध्यानात ठेव. पर तुमचा एक कागद आला की इथं जुनं काही हाय, की माझी विहीर बसली. फायलीला अडकायला निमित्त लागत न्हाई.

ही विहीर मला काहून पाह्यजे ते तुला ठाव हाय. सुनेला, दीक्षाला दिवस गेलेत. पाणी लागलं न्हाई तर दिवाळीनंतर दिपक अन् ती ऊस तोडायला जाणार, तान्हं लेकरू घेऊन. म्या स्वतः पंधरा साल फडावर काढलेत. नातवाला त्या कोपीत निजवायचं न्हाई, एवढंच मागणं हाय माझं.

काका

*

नागपूर
८ मार्च २०२५

ती. काका,

दीक्षाचं वाचून फार बरं वाटलं. तिला जड उचलू देऊ नका.

आता रागावू नका. तुमचं मेंढ्यांचं पत्र आल्यावर मी जुने फोटो काढून बसले. २०१८, २०२१, २०२३. तिन्ही साली फेब्रुवारीत तो चौकोन आहे. त्याच जागी, त्याच मापाचा, बोटभरही इकडे-तिकडे नाही. धनगर दर साली जाळी त्याच रेघेवर कशी लावेल? आणि मेंढ्या बसल्या असत्या तर कडाही हिरव्या झाल्या असत्या. त्या पिवळ्या का?

मी तुमची उलटतपासणी घेत नाही. पण माझ्या मॅडम हेच दोन प्रश्न विचारतील आणि माझ्याजवळ उत्तर नसेल. पथकाचं यायचं २२ मार्चला ठरतंय. तिथं काय आहे ते तुम्हाला माहीत असेल तर मला सांगा. मी तुमच्या विहिरीच्या आड येईन असं तुम्हाला खरंच वाटतं?

निलम

*

वरचा तांडा
१५ मार्च २०२५

निलम,

सात साल मागचे फोटो काढून बसली म्हणतेस. म्हंजी सात सालापासून माझ्या वावरावर नजर होती. कोण बघत होतं? तू तर तवा कॉलेजात होतीस. फुलसिंगला इचार म्हणावं, भावाच्या वावरावर पाळत ठेवताना काही वाटलं का?

तुझ्या दोन प्रश्नांची उत्तरं घे. धनगर दर साली तोच येतो, खुंट्यांची भोकं जुनी असतात, त्यांच्यातच खुंट्या ठोकतो. अन् जाळीला खेटून मेंढ्या फिरत राहतात, माती तुडवून कडक करतात. कडेला पीक पिवळं पडतं ते त्याच्यानं. तू शहरात शिकलीस, मी मातीत. लिहून घे अन् दे तुझ्या मॅडमला.

२२ तारखेला कोणी आलं तर मी बांधावर आडवा पडीन.

अन् यापुढं लिहायचं ते जपून लिही. तुझं पत्र माझ्या आधी ग्यानबा वाचून राहिला याची मला पक्की खात्री झाली. कालच म्हणाला, पुतणी लई हुशार निघाली तुमची. त्याला काय करायचं माझ्या पुतणीशी? त्याचा बांध माझ्या चिंचेला लागून हाय.

हिरासिंग

*

नागपूर
२४ मार्च २०२५

ती. हिरासिंग आडे यांस,

आपले दि. १५ चे पत्र मिळाले. खालच्या वावरातील चौकोनाबाबत आपण दिलेली माहिती (मेंढ्या बसवणे) नोंदवून घेतली आहे. तिचा अहवालात समावेश केला आहे. दि. २२ ची भेट तूर्त रद्द झाली. पुढील निर्णय कार्यालय घेईल.

काकूंच्या गुडघ्याला तेल लावत जा.

निलम

*

वरचा तांडा
४ मे २०२५

निलम,

तुझं सरकारी पत्र म्या दहा बारीला वाचलं. आपण म्हणे. नोंदवून घेतलं म्हणे. पुढील निर्णय कार्यालय घेईल म्हणे. घरच्या लेकरानं काकाला असली नोटीस धाडावी, हे आपल्या तांड्यात पहिल्यांदा घडलं. मोतीबाईला वाचून दाखवलं तर ती म्हणते, शेवटी गुडघ्याचं लिहिलंय ना पोरीनं, मनात काही न्हाई तिच्या. बायकांना काय, गुडघा दिसला की झालं. मी शब्द ओळखतो. तूर्त म्हंजी पुन्हा येणार.

इथं काही चाललेलं न्हाई. वावर मोकळं पडून हाय, ऊन्ह तापून राहिलं. विहिरीचं नाव काढायला मला टाइम न्हाई. दीक्षाच्या भावाचं लगन हाय आखाडा बाळापूरला. सगळे उद्या-परवा निघतील, आठ दिवस तिकडंच राहतील. मी राखण करायला एकटाच थांबणार. फोन करू नको. तो म्या बंद करून ज्वारीच्या कणगीत टाकलाय.

एक सहज इचारतो. पीक नसताना, नुसत्या मातीतबी वरून काही दिसतं का? अन् किती दिसाला एक फोटो निघतो?

हिरासिंग

*

रजिस्टर पोस्ट. खुद्द हिरासिंग आडे यांच्या हाती द्यावे.
नागपूर
१३ मे २०२५

काका,

दिसतं. दर पाच दिवसांनी दिसतं.

कालच्या फोटोत तुमच्या चिंचेजवळ खड्डा आहे आणि बाजूला पांढऱ्या मातीचा ढीग आहे. पाणाड्यानं जागा वरच्या अंगाला नाही, चिंचेकडंच दाखवली होती ना? दाखवणारच. बुजलेल्या बारवेतच पाणी असणार. त्याचा नारळ आणि माझा उपग्रह एकाच जागेवर येऊन उभे राहिले, आणि आपण दोघं तीन महिने एकमेकांपासून लपवत बसलो.

आता साफ लिहिते. हे पत्र तुमच्याशिवाय कोणाच्या हातात जाणार नाही. मार्चमध्येच मला कळलं होतं की मेंढ्या खोट्या आहेत. तरी मी अहवालात मेंढ्याच लिहिल्या. तुमचं खुंट्यांच्या भोकांचं आणि तुडवलेल्या मातीचं जसंच्या तसं लिहिलं, खाली माझी सही केली. मॅडमनी माझ्या भरवशावर फाईल बंद केली. तुमच्या वावरात आमच्याकडून कोणीही येणार नाही. ते कोरडं पत्र मी तसं लिहिलं कारण ग्यानबा पत्रं फोडतो असं तुम्हीच कळवलं होतंत. मी तुमच्या बाजूनं खोटं लिहिलं, हे त्याच्या दुकानात कसं पाठवणार होते? मला वाटलं, फाईल बंद झाली हे तुम्ही त्यावरून ओळखाल. काकूंनी ओळखलं, तुम्ही नाही.

आणि फेब्रुवारीतलं ते पाकीट ग्यानबानं नव्हतं फोडलं. चिकटवल्यावर मला एक ओळ वाढवावीशी वाटली, म्हणून मीच उघडून पुन्हा चिकटवलं होतं.

काका, आता मशीन थांबवा. बारवेची भिंत फोडू नका, फोडली तर मागची सगळी माती आत येईल. पूर्वेकडं पायऱ्या असतील. तिथून हातानं, घमेल्यानं गाळ काढा. वेळ लागेल, पण तुम्हाला नवी विहीर खणायचीच गरज नाही. आयती बांधलेली मिळेल. गाळ निघाला की मी स्वतः येईन आणि मॅडमना खरं काय ते सांगेन. माझं काय व्हायचं ते होऊ दे. तोवर दीक्षाच्या लेकरासाठी पाणी हाताशी असेल.

आणखी एक, घाईचं. आज दिपकचा फोन आला होता. तुमचा बंद लागतो म्हणून त्यानं मला सांगितलं. पंचायत समितीचा इंजिनियर गुरुवारी जीप घेऊन तुमच्याकडं येणार आहे, विहिरीची जागा आखून द्यायला. त्याला घाबरू नका. बसवून चहा पाजा आणि चिंचेकडची जागा दाखवा.

तुमची,
निलम

*

वरचा तांडा
२७ मे २०२५

चि. निलम बाई,

तुझं रजिस्टर शुक्रवारी, सोळा तारखेला मिळालं. पोस्टमननं सही घेऊन हातात दिलं. जीप गुरुवारी येऊन गेली होती.

सगळं सांगतो. मधी काही ठेवत न्हाई.

घरचे लगनाला गेल्यावर म्या हट्ट्याहून गोपीचंदला जेसीबी घेऊन बोलावलं. लांबचा माणूस, तांड्यात त्याची ओळख न्हाई, म्हणून त्याला. शनिवारी खणायला लागलो. चार फुटांवर दगड लागला. म्या समजलो खडक. पर बकेट घासली तशी त्याची कड सरळ निघाली, घडवलेली. मंग दुसरा दगड, तिसरा, एकाखाली एक. पायऱ्या होत्या निलम. तू म्हटली तशा, पूर्वेला. एका देवळीत दिव्याची काजळी होती, बोटाला लागली. मला भ्याव वाटलं. तुझं कार्यालय आलं तर हे बघून वावराला तार मारतील, हेच डोक्यात. गोपीचंदला म्हटलं, पश्चिमेकडून फोड, लवकर खाली जाऊ. त्यानं तिकडची भिंत फोडली. मंगळवारी सकाळी गाळातून पाणी वर आलं, माझ्या गुडघ्याइतकं. म्या गोपीचंदला भाकरी खायला वर धाडलं अन् एकटाच खाली उतरलो.

गुरुवारी ग्यानबा स्वतः पळत आला. धापा टाकत म्हणाला, सरकारी जीप दुकानापाशी उभी हाय, तुझं खालचं वावर इचारून राहिलेत, म्हटलं तुला आधी सांगावं. ज्याला म्या तीन महिने चोर समजलो तो माझ्यासाठी उन्हात पळत आला होता. तेबी मला तवा कळलं न्हाई. माझ्या मनात एकच आलं, निलमनं धाडले. गोपीचंदला म्हटलं, ढकल सगळं. दगड, माती, पायऱ्यांचे तुकडे, सगळं आत ढकल. अर्ध्या घंट्यात वावर सपाट.

मंग तो इंजिनियर बांधावर आला. पोरगाच होता, हातात फाईल. म्हणाला, हिरासिंग आडे तुम्हीच का? विहिरीची जागा आखायला आलोय, कुठं घ्यायची? मी गुडघ्यापोतर चिखलानं भरलेला उभा. त्यानं ताजी माती बघितली, दोन घडीव दगड वरच राहिले होते ते बघितले. इचारलं, हे काय? म्या म्हटलं, जुना गोठा होता. त्यानं लिहिलं, जागा भरावाची हाय, इथं विहीर देता येत न्हाई, दुसरी दाखवा. दुसरी कुठली दाखवू? वरच्या अंगाला नुसता खडक हाय. तिथलं पाणाड्यानं काही सांगितलंच न्हवतं, ते म्या तुला खोटं लिहिलं होतं.

दुसऱ्या दिशी तुझं पत्र आलं. बांधावर बसून वाचलं. दोनदा वाचायची हिंमत झाली न्हाई.

संध्याकाळी दिपक आला. त्याला सगळं सांगितलं. तो फावडं घेऊन निघाला. चार दिस आमी बाप-लेकांनी हातानं खणलं. फोडलेल्या भिंतीकडून मागची माती सगळी आत बसलीय, तू म्हटली तशीच. मोठे दगड खाली अडकलेत. नुसता चिखल येतो, पाणी न्हाई. पाचव्या दिशी दिपकनं फावडं धुऊन ठेवलं अन् मुकादमाकडं जाऊन आला. दोघांची नावं लिहून आलाय, त्याचं अन् दीक्षाचं. लेकरू सप्टेंबरात येईल. बसायला ते फडावरच शिकंल.

मेंढ्या कधीच बसल्या न्हवत्या, हे मी माझ्या हातानं लिहून देतो. तुझ्या मॅडमला हे पत्र दाखवायचं तर दाखव. सही म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून झाली म्हणावं, पोरीचा दोष न्हाई. दाखवल्यानं तुझी नोकरी जात असंल तर फाडून टाक. मी इचारणार न्हाई काय केलं ते. फुलसिंगलाबी माझा रामराम सांग. त्याला म्या लई वाईट बोललो.

परवा भाकरी थापताना मोतीबाईनं इचारलं, पाणी लागलं होतं म्हणता, तर चाखलं असंल तुमी. कसं होतं? म्या म्हटलं, मचूळ होतं, पिण्याजोगं न्हवतं. ती म्हणाली, बरं झालं मंग, बुजलं ते. दिपकलाबी म्या तेच सांगितलंय.

तुला खोटं लिहीत न्हाई. गोड होतं.

तुझा काका,
हिरासिंग